रडकी फुलदाणी

“फुटला! पाझर फुटला!” पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि अख्खं सभागृह गुडघ्यांवर उठलं. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवर रेलले. कुणी पोराला डोक्यावर उचललं, कुणी आपल्या म्हाताऱ्या आईला गर्दीतून पुढे ढकललं. व्यासपीठावरच्या उंच तिवईवर जांभळट काचेची एक जुनी फुलदाणी ठेवली होती. लांब मान, गोल पोट, कडेला सोनेरी वेलबुट्टी, तीही अर्धी पुसलेली. प्रवचनाच्या आधी तिला पेटीतून काढलं तेव्हा ती कोरडी ठणठणीत होती. आता तिच्या पोटावर बारीक थेंब जमले होते. बघता बघता दोन थेंब एकमेकांत मिसळले आणि त्यांचा ओघळ खाली उतरला.

“काच रडली...” निळेबाबांनी दोन्ही हात वर केले.

“की डोळा हसला!” सभागृहानं ओरडून उत्तर दिलं.

निळेबाबा हे नाव त्यांच्या पायघोळ निळ्या अंगरख्यावरून पडलेलं. गळा गोड, दाढी विंचरलेली आणि तोंडाला विश्रांती म्हणून ठाऊक नाही. “या माउलीनं तीनशे वर्षं जगाचं दुःख पाहिलंय,” ते सांगत होते. “राजे पाहिले, लढाया पाहिल्या, पोरकी लेकरं पाहिली. पाहून पाहून ऊर भरून आला बिचारीचा! डॉक्टर डोळ्यात औषध घालतो. ते येतं बाटलीतून. आता मला सांगा, बाटली कधी कुणासाठी रडली आहे का?”

लोकांनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, बाटली रडत नाही म्हणूनच तिच्यातलं औषध भरवशाचं. पण माझ्या मनातलं ऐकायला तिथं कुणाला सवड होती? मग बाबांनी माझ्या थोरल्या भावाला हात धरून पुढे आणलं.

दादा वकील. शहरात तो दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक म्हणजे पुराव्याशिवाय तो ब्र काढत नसे. दुसरी म्हणजे जुन्या काचेच्या आणि मातीच्या भांड्यांचा नाद. त्याच्या घरात फुलदाण्या, सुरया, बरण्या, रंगीत कलश इतके की पाहुण्यानं पाय टाकायच्या आधी विचारावं लागे. पण नजर मात्र पक्की. काच घडवताना बुडाला लावलेली कारागिराची सळई तोडल्याचा वण, काचेत अडकलेले बुडबुडे, कडेची झीज बघून तो भांड्याचं वय सांगे. बनावट माल विकणारे व्यापारी तो दुकानात शिरताना दिसला की वस्तू फडक्याखाली सारत.

“मी ही फुलदाणी भिंगाखाली तपासली आहे,” दादा म्हणाला. त्याचा आवाज कोर्टातल्यासारखा नव्हता, बसलेला होता. “काच अस्सल आहे. तीनशे वर्षांहून जुनी आहे. यात तिळमात्र बनावट नाही.”

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सभागृहानं मात्र भलतंच ऐकलं. फुलदाणी अस्सल म्हणून तिचं रडणं अस्सल, रडणं अस्सल म्हणून बाबा अस्सल! ही कडी किती कच्ची आहे हे एरवी दादानं चुटकीसरशी दाखवलं असतं. पण त्या दिवशी व्यासपीठावर वकील उभा नव्हताच. तिथं एका मुलीचा बाप उभा होता.

ती मुलगी म्हणजे माझी भाची. दिवसभर घरात गरगरत असायची म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. बागेत लपाछपी खेळताना एका वाळक्या काडीनं तिच्या उजव्या डोळ्याला टोचलं आणि बुबुळावर जखम झाली. जखमेत जंतू शिरले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “हे हट्टी दुखणं आहे. दर तासाला थेंब घालायचे, रात्रीसुद्धा. बरं व्हायला वेळ लागेल, पण धीर सोडू नका.” दादा-वहिनींनी आळीपाळीनं जागून थेंब घातले. आठवड्यांमागून आठवडे गेले. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “जखम वाढत नाहीये, हीच सुधारणा.” पण आईबापांना हवी असते ती डोळ्यांना दिसणारी सुधारणा. भिंगरीचा डोळा तसाच पांढुरका, लालभडक आणि मिटलेला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. यांना फुलदाणीचा मिळाला. निळेबाबा म्हणाले, औषध आणि अश्रू एका डोळ्यात नांदत नाहीत. दादानं औषध बंद केलं.

हे मला कळलं त्याच दिवशी, आणि कळताक्षणी मी शाळेतून थेट त्या सभागृहात येऊन बसले होते.

अश्रू घ्यायला रांग लागली तेव्हा मीही उभी राहिले. बाबांचा एक चेला काचेच्या कांडीनं थेंब टिपून लोकांच्या डोळ्यात सोडत होता. माझी पाळी आली तेव्हा मी डोळ्याऐवजी बोट पुढे केलं.

“ताई, बोटाला काय झालंय?” चेल्यानं विचारलं.

“बोटाला दिसत नाही,” मी म्हटलं.

तो गोंधळला आणि त्या गोंधळात त्यानं थेंब दिला. मी तो दोन बोटांत चोळला. बुळबुळीत! ओल्या साबणाच्या वडीसारखा. मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते; पर्समध्ये त्या दिवशीच्या तासाला वापरलेल्या लिटमसच्या पट्ट्या होत्या. बाजूला होऊन मी एक तांबडी पट्टी त्या बोटाला लावली. ती झटकन निळी झाली. तांबडा लिटमस निळा करणारा पदार्थ म्हणजे आम्लारी, आम्लाच्या उलट्या टोकाचा. धुण्याचा सोडा त्याच जातीचा. आणि हे पाणी माझा भाऊ आपल्या मुलीच्या जखमी डोळ्यात घालत होता.

मी तशीच दादाच्या घरी गेले. भिंगरी अंधार केलेल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागताच तिनं हात पुढे केला.

“आत्या, आज नको ना घालायला. खूप झोंबतं गं.”

“कधीपासून झोंबतं?”

“रोजच,” ती म्हणाली. दादाला ती अप्पा म्हणायची. “मी अप्पांना सांगते. ते म्हणतात, रोग बाहेर पडतोय म्हणून झोंबतं. आधीचे थेंब इतके नव्हते झोंबत.”

उशाशी बाबांनी दिलेली कुपी होती. मी ती उचलली, तेवढ्यात वहिनी आत आल्या. मी लिटमसची पट्टी दाखवली, काय आहे ते सांगितलं. त्यांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तुम्हाला लेकरू असतं ना, मग कळलं असतं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरीणबाई रोज म्हणतात धीर धरा, धीर धरा. कुठून आणू आता धीर? निदान हे बाबा म्हणतात, डोळा येईल. येईल म्हणणारं दुसरं कुणी आहे का, सांगा ना!”

मला लागलं, पण राग आला नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, “रविवारी मोठी सभा आहे. बाबा म्हणाले, चांगला डोळा आजारी डोळ्याला ओढून धरतोय. रविवारी दोन्ही डोळ्यांत घालायचं.”

दोन्ही डोळ्यांत! म्हणजे तिच्या हाती उरलेला धडधाकट डोळाही. मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. दादानं त्यांना दारातूनच परत पाठवलं, तेही अत्यंत सभ्य भाषेत, कलमं सांगून. मी भांडले, रडले, हातापाया पडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी मी शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा गेले. दादा त्याच्या भांड्यांच्या खोलीत मऊ फडक्यानं एक सुरई पुसत होता. त्याचं मन तिथं नव्हतं. एकाच जागी फडकं फिरत होतं. बोलायला सुरुवात कुठून करावी ते न सुचल्यानं मी कपाटांकडे बघत राहिले. सगळी काचभांडी मोकळ्या फळ्यांवर होती. एक छोटा हिरवट वाडगा मात्र झाकणाच्या पेटीत एकटा बंद. शेजारी नव्या बुटांच्या खोक्यात असतात तसल्या, ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या.

“हा बिचारा कोंडून का ठेवलाय?” मी विचारलं.

दादाला त्याच्या भांड्यांबद्दल कुणीही काहीही विचारावं, उत्तर आपोआप येतं.

“हात लावू नकोस. आजारी काच आहे ती,” तो मान वर न करता म्हणाला. “काच बनते वाळू, सोड्यासारखा क्षार आणि चुना यांपासून. क्षारामुळे वाळू लवकर वितळते, चुन्यामुळे काच टिकते. या कारागिरानं क्षार सढळ हातानं घातला आणि चुन्याला हात आखडला. असली काच कधी शांत बसत नाही. आतला क्षार हळूहळू वर येतो. दमट हवा लागली की तो क्षार हवेतली ओल ओढून घेतो, आपण उघडं ठेवलेलं मीठ कसं पाणावतं तसं. मग काचेवर थेंब धरतात, बुळबुळीत थेंब. कोरड्यात ठेवलं की बंद. म्हणून या...”

तो थांबला. फडकं थांबलं.

“दादा,” मी म्हटलं, “बाबांच्या पेटीला आतून मखमल आहे. मखमलीखाली काय आहे, पाहिलंस का कधी?”

“गप्प बस.”

“सभागृहाच्या खिडक्या बंद असतात, कृपा बाहेर जाऊ नये म्हणून. सतरंज्या ओलसर असतात, माझे कपडे भिजले होते. रांगेत उभी असताना पडद्यामागे डोकावले, तिथं सुगंधी पाण्याची पातेली उकळत होती...”

“माझ्या वाडग्याला घाम येतो!” दादा ओरडला. “ती फुलदाणी रडते!”

“फरक काय?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. त्याला सगळं कळलं होतं. पण ते कळणं त्याला परवडणारं नव्हतं. कारण तो जर घाम असेल, तर इतके दिवस आपल्या लेकीचे हात दाबून धरून, ती झोंबतं म्हणून ओरडत असताना, तिच्या डोळ्यात क्षार घालणारा माणूस तो स्वतः होता. कुठला बाप हे इतक्या सहज कबूल करेल? तो सुरई हातात घेऊन खाली बसला आणि मला जा म्हणाला. मी गेले, पण वाडग्याची पेटी काखेत मारून.

रविवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दादा-वहिनी पुढच्या रांगेत बसले होते, मधे भिंगरी. तिनं डावा डोळाही भीतीनं घट्ट मिटला होता. प्रवचन सुरू होतं न होतं तोच मी व्यासपीठावर चढले आणि फुलदाणीच्या शेजारी दादाचा वाडगा पेटीतून काढून ठेवला.

“हा वाडगा माझ्या भावाच्या कपाटातला,” मी मोठ्यानं म्हटलं. “याच्यात ना कृपा, ना दैवी शक्ती. थोडा वेळ थांबा आणि बघा.”

निळेबाबा हसले. त्यांना मला खाली ढकलता आलं असतं, पण भरल्या सभेत एका शिक्षिकेला ढकललेलं दिसलं नसतं बरं. त्यांनी प्रवचन चालू ठेवलं. बंद खिडक्या, ओल्या सतरंज्या, उकळती पातेली आणि शेकडो माणसांचे श्वास. हवा इतकी दमट की माझा चष्मा धूसर झाला. फुलदाणीला थेंब धरले. थोड्या वेळानं हिरव्या वाडग्यालाही धरले.

“बघा!” मी म्हटलं. “ही दोन्ही एकाच रोगाची भांडी आहेत!”

मला वाटलं, जिंकलं. बाबांनी वाडग्याकडे पाहिलं, डोळे विस्फारले आणि ते चक्क त्याच्यापुढे आडवे झाले.

“माउली! माउलीचा स्पर्श न होता, नुसत्या सहवासानं साधा वाडगा रडायला लागला! या ताई शंका घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातांनी पुरावा ठेवून गेल्या!”

सभागृह दुमदुमलं. लोक वाडग्याच्या पाया पडायला धावले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? मला आयुष्यात कधी इतकं असहाय वाटलं नव्हतं. मी ओरडून क्षार, चुना, ओल सांगत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

“मग बाबा, एक थेंब तुमच्या डोळ्यात घाला!” मी शेवटचं ओरडले.

“माझे डोळे आधीच उघडलेले आहेत, ताई,” बाबा म्हणाले आणि लोक खदखदून हसले. चेल्यानं कांडीवर थेंब घेतला. “आणा त्या लेकराला. आधी डावा डोळा.”

भिंगरी मागे सरकली. “अप्पा, नको! अप्पा, झोंबतं!”

दादा उठला. त्यानं तिला उचललं नाही. तो एकटाच व्यासपीठावर चढला, चेल्याच्या हातातली कांडी घेतली, फुलदाणीवरचे दोन-तीन थेंब कांडीनं टिपले आणि मान मागे टाकून आपल्या डोळ्यात सोडले.

दादानं डोळा गच्च दाबला. त्याचे ओठ वाकडे झाले, तो खाली बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले आणि त्याच्या डोळ्यावर धार धरली. तो लहान मुलासारखा रडत होता आणि ते रडणं डोळ्याच्या आगीपायी नव्हतं.

“झोंबतं,” तो म्हणाला. मग उठून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “झोंबतं! आगीसारखं झोंबतं! माझी पोर रोज सांगत होती. तिला डोळा होता, जीभ होती, ती सांगत होती आणि मी तिचं ऐकलं नाही. मी या काचेचं ऐकलं!”

“वकीलसाहेब, श्रद्धा डळमळली की...” बाबांनी सुरुवात केली.

“पेटी उघडा,” दादा म्हणाला. हा आवाज कोर्टातला होता.

“ती माउलीची गादी आहे!”

दादानं पेटी ओढली, मखमल टरकन फाडली आणि पेटी उपडी केली. पांढऱ्या पुड्यांचा ढीग व्यासपीठावर पडला. तशाच पुड्या त्यानं वाडग्याच्या पेटीतूनही काढून शेजारी ठेवल्या. “मी तुम्हाला सांगितलं होतं, फुलदाणी जुनी आहे. ती जुनीच आहे. पण जुनं म्हणजे पवित्र नव्हे. ही आजारी काच आहे. दमट हवेत तिला क्षाराचा घाम येतो, या पुड्यांत ठेवली की ती सुकते. म्हणून आधी पेटी, मग ही कोंदट सभा. विश्वास नसेल तर खिडक्या उघडा, पडद्यामागची पातेली बाहेर काढा, दोन्ही भांडी स्वच्छ पाण्यानं धुऊन पुसून ठेवा आणि संध्याकाळपर्यंत बसा. मग बघू कोण रडतं!”

कुणीतरी खिडकी उघडली. मग दुसरी. दोघांनी पडदा बाजूला केला आणि वाफाळती पातेली सगळ्यांना दिसली. भांडी धुतली, पुसली. लोक बसून राहिले. कोरडा वारा आत येत होता. फुलदाणी रडली नाही, वाडगाही रडला नाही. या गडबडीत बाबा आणि चेला मागच्या दारानं पसार झाले. कुठल्यातरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या रंगाचा अंगरखा घालून ते बसले असतील.

मला वाटलं होतं, लोक चिडतील, निदान टाळ्या तरी वाजवतील. तसं काही झालं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा सुतार काठी टेकत उठला. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पांढुरका सारा आला होता.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “मग आता आम्ही कुठं जायचं?”

एवढी माणसं तिथं का आली होती ते मला तेव्हा नीट कळलं. ती मूर्ख नव्हती. ती दमलेली होती. त्यांना कुणीतरी ‘होईल’ म्हणणारं हवं होतं. दादानं भिंगरीला उचललं, वहिनींचा हात धरला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, “आम्ही निघालोय तिथंच चला.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी दिवा लावून भिंगरीचे डोळे बराच वेळ तपासले. डावा सुखरूप होता. उजव्याबद्दल त्यांनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “औषध बंद झालं नसतं तर बरीचशी नजर वाचली असती. आता उजेड-अंधार कळेल, एवढंच मी सांगू शकते. जास्त सांगितलं तर ते खोटं ठरेल.” वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. दादा डोळ्यावर ओली पट्टी धरून उभा होता. त्याचा डोळा काही दिवसांत बरा होणार होता. त्याला त्याचीही लाज वाटत होती. म्हाताऱ्या सुताराचा मात्र नुसता मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनं त्याला पुन्हा दिसणार होतं. बाबांच्या सभांना तो किती दिवस येत होता, कुणास ठाऊक. तेवढे दिवस तो विनाकारण आंधळा राहिला.

भिंगरीचे थेंब पुन्हा सुरू झाले. दर तासाला, आळीपाळीनं. आता त्या पाळीत मीही असते.

वाचकहो, मी शिक्षिका आहे, उपदेशाची खोड जात नाही. पण हे ऐकाच. चमत्कार दाखवणारा माणूस जी वस्तू दाखवतो ती खरी असू शकते. तेवढ्यानं त्याचं म्हणणं खरं होत नाही. ही गोष्ट कशानं होते, आणि कशानं बंद होते, हे दोन प्रश्न विचारा. विचारल्याबद्दल जो रागावतो, त्याच्यापासून उठून जा. डॉक्टर सावकाश बोलतात, कधी ‘माहीत नाही’ म्हणतात, कधी ‘नाही होणार’ म्हणतात. म्हणूनच त्यांच्या ‘होईल’ला किंमत आहे. आणि घरातलं दुखणाईत माणूस दुखतंय म्हणालं, तर सगळ्यांच्या आधी त्याचं खरं माना. आम्ही शिकलेली, पुरावे मागणारी, प्रयोग शिकवणारी माणसं होतो, तरी आम्हाला उशीर झाला आणि एका पोरीचा डोळा गेला. तुमच्या घरी तो जाऊ देऊ नका.